झाकलं म्हणजे पुसलं नव्हे : पीडीएफमधला मजकूर आणि माझी एक चूक



एरवी आपण इथे निबंध, व्याकरण, म्हणी-वाक्प्रचार यांच्याबद्दल बोलतो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. आज मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक तांत्रिक होती, पण तिची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोजली. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही" ही म्हण मी दरवर्षी आठवीला शिकवते. अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करून घेते, वहीत लिहून घेते. पण तिचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

नेमकं काय झालं?

आमची शाळा साताऱ्याकडच्या एका लहान गावात आहे. मी आठवीची वर्गशिक्षिका. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. कुणाचा उत्पन्नाचा दाखला राहिलेला, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाच्या नावात आणि आधारवरच्या नावात फरक. तुम्हा सगळ्यांना हे दिवस माहीत आहेत! शिकवणं बाजूला आणि कागद गोळा करणं पुढे.

आमच्या भाऊसाहेबांनी एक यादी केली. कागद अपूर्ण असलेल्या सतरा मुलांची. त्यात नाव, आईचं नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, प्रवर्ग, उत्पन्न, कोणता कागद बाकी आहे ते, आणि शेवटी शेरा. यादी एक्सेलमध्ये होती. तिची पीडीएफ करून त्यांनी माझ्या मोबाईलवर पाठवली आणि म्हणाले, "बाई, पालकांच्या ग्रुपवर टाका. ज्याचं राहिलंय तो उद्या घेऊन येईल."

आधार आणि खाते क्रमांक ग्रुपवर टाकायचे नाहीत एवढं मला कळत होतं. म्हणून रात्री नऊच्या सुमाराला, भाकऱ्या झाल्यावर, मी मोबाईलमधल्या एका ॲपमध्ये ती पीडीएफ उघडली. चौकोन काढायची सोय सापडली. काळा रंग घेतला. आधारच्या रकान्यावर एक उभा पट्टा, खाते क्रमांकावर एक, प्रवर्ग-उत्पन्नावर एक आणि शेऱ्यावर एक. आता फक्त नाव आणि "कोणता कागद बाकी" एवढंच दिसत होतं. छान काळंभोर झाकलं गेलं होतं. सेव्ह केलं, ग्रुपवर पाठवलं, आणि आपण किती काळजीपूर्वक काम केलं या समाधानात झोपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर एक मुलगी दप्तर घेऊन सरळ फाटकाबाहेर गेली. कुणाला काही न सांगता.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. अभ्यासात बरी, अक्षर सुंदर, बोलायला थोडी कमी. मैत्रिणींना ती सांगायची की पप्पा वाशीच्या मार्केटला असतात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष वाशीला माथाडी आहेत, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. दिवाळीला पप्पा का आले नाहीत, तर सुट्टी मिळाली नाही. शाळेच्या संमेलनाला का आले नाहीत, तर गाडी चुकली. चार वर्षं तिने ते सांभाळलं होतं.

यादीतल्या तिच्या नावापुढच्या शेऱ्यात भाऊसाहेबांनी लिहिलं होतं: "आई परित्यक्ता. वडिलांची सही मिळणार नाही."

तो शेरा माझ्या काळ्या पट्ट्याखाली होता. तरीही वर्गाने तो वाचला होता.

पट्ट्याखालचं वाचलं कसं?

ज्या मुलाने ते वाचलं, त्याला मी बोलावलं. रागावूनच बोलावलं होतं. तो घाबरला होता. म्हणाला, "बाई, मी काहीच केलं नाही. काळ्यावर बोट दाबून धरलं फक्त."

मी म्हटलं, "दाखव."

त्याने माझ्याच मोबाईलवर माझीच पीडीएफ उघडली. काळ्या पट्ट्यावर बोट दाबून धरलं. निळी निवड झाली. "कॉपी" दाबलं. मेसेज लिहायच्या जागी "पेस्ट" केलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं: आधार क्रमांक, खाते क्रमांक, शेरे. काही जोडाक्षरं तुटली होती, वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या, पण आकडे अगदी स्वच्छ होते, आणि "परित्यक्ता" हा शब्द वाचता येत होता.

मी त्याला शिक्षा केली नाही. त्याने कुलूप फोडलं नव्हतं. मीच दाराला पडदा लावून त्याला कुलूप समजत होते. पण त्याने ते वाचून दुसऱ्यांना दाखवलं, हे मात्र चुकलं, आणि तेवढं मी त्याला सांगितलं.

ग्रुपवरची फाईल मी लगेच सगळ्यांसाठी डिलीट केली. पण ज्यांनी ती आधीच पुढे पाठवली होती किंवा दुसरीकडे साठवून ठेवली होती, त्यांच्याकडे ती राहिलीच. बाहेर पडलेला शब्द आणि पाठवलेली फाईल परत येत नाही.

पीडीएफ म्हणजे असतं तरी काय?

त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली आणला. कल्पना कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांची. तेव्हा अडचण अशी होती की एका संगणकावर केलेलं पान दुसऱ्या संगणकावर उघडलं की फॉन्ट बदलायचा, ओळी सरकायच्या, तक्ते मोडायचे. कागद जसा कुणाच्याही हातात तसाच दिसतो, तशी फाईलही कुठेही तशीच दिसावी, यासाठी पीडीएफ जन्माला आली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

म्हणजे बघा, तिचा हेतूच मुळी "दिसणं" हा आहे, "बदलणं" हा नाही.

वर्डच्या फाईलमध्ये परिच्छेद असतो, ओळ असते, शब्द असतो. मधला शब्द काढला की पुढचे शब्द सरकून जागा भरतात. पीडीएफच्या आत असं नसतं. तिथे सूचना असतात: "या जागी, या आकारात, हे अक्षर ठेव. त्याच्या पुढे इतक्या अंतरावर ते ठेव." जुन्या छापखान्यात खिळे जुळवून पान बांधायचे ना, तसंच काहीसं. बांधलेल्या पानातून एक खिळा काढला तर बाकीचे आपोआप सरकत नाहीत, तिथे खड्डा राहतो.

आता मी काय केलं होतं? फाईलमध्ये अक्षरांच्या सूचना होत्या तशाच ठेवल्या आणि शेवटी आणखी एक सूचना वाढवली: "या जागी काळा चौकोन काढ." वाचणाऱ्या ॲपने आधी अक्षरं मांडली, मग त्यावर चौकोन काढला. डोळ्यांना चौकोन दिसला, पण अक्षरं जिथल्या तिथे होती. पाटीवर लिहिलेलं ओल्या फडक्याने पुसण्याऐवजी पाटीवर काळा कागद ठेवण्यासारखं झालं ते.

ही चूक फक्त माझ्यासारख्या गावच्या बाईंची आहे असं समजू नका. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत, डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख राहिलेले पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. गोपनीय भागांवर काळे पट्टे होते. पत्रकारांनी ते पट्टे निवडून कॉपी केले, दुसरीकडे पेस्ट केले, आणि जे लपवायचं होतं ते त्याच दिवशी बातम्यांमध्ये आलं. त्याआधी २००९ मध्ये तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या नियमपुस्तिकेचंही असंच झालं होतं. मोठमोठ्या कार्यालयांत जे घडलं तेच आमच्या सतरा नावांच्या यादीत घडलं.

मराठी मजकूर बदलताना आणखी त्रास का होतो?

प्रश्नपत्रिकेच्या पीडीएफमध्ये फक्त तारीख किंवा एक शब्द बदलायचा असतो, आणि अर्धा तास जातो. हा अनुभव तुम्हालाही असेल. त्याची कारणं साधी आहेत.

एक, जागा बचत व्हावी म्हणून पीडीएफमध्ये बहुतेक वेळा पूर्ण फॉन्ट भरलेला नसतो. पानावर जी अक्षरं वापरली तेवढीच आत असतात. मूळ पानावर "ज्ञ" कुठेच नसेल आणि तुम्ही "सुरेश" बदलून "ज्ञानेश" करायला गेलात, तर "ज्ञ"च्या जागी रिकामा चौकोन येतो, नाहीतर भलताच फॉन्ट येतो.

दोन, आपली लिपी. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण दिसते आधी. "क्ष", "त्र", "र्य" अशी जोडाक्षरं एकत्र आकार म्हणून मांडलेली असतात. त्या आकारावरून मूळ अक्षरं कोणती, याची नोंद फाईलमध्ये नीट नसेल, तर कॉपी केल्यावर मजकूर विस्कटतो.

तीन, जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नसतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. कॉपी केलं की सगळा गोंधळ बाहेर येतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: मजकूर बदलायचा असेल तर पीडीएफशी झगडत बसू नका. मूळ वर्ड किंवा एक्सेल फाईल शोधा, तिथे बदल करा आणि नवी पीडीएफ करा. मूळ फाईल जपून ठेवायची सवय लावा. ज्याच्याकडे मूळ फाईल आहे त्याला पीडीएफ बदलायची वेळच येत नाही. मूळ नसेल आणि मजकूर एखाद्या पानाचाच असेल, तर तो नव्याने टाइप करणं हे बहुतेक वेळा दुरुस्तीपेक्षा लवकर होतं.

मग मजकूर खरोखर काढायचा कसा?

आता मुख्य मुद्दा. आमच्या शाळेत आम्ही आता जे करतो ते क्रमाने सांगते.

१. मुळातून काढा. हा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा उपाय. माझ्या यादीचं उदाहरण घ्या. भाऊसाहेबांकडे एक्सेल होती. तिची एक प्रत करायची, नको ते रकाने पूर्ण डिलीट करायचे आणि उरलेल्याची पीडीएफ करायची. जे फाईलमध्ये नाहीच ते कोण कॉपी करणार? दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण मला वाटलं माझा काळा पट्टा पुरेसा आहे. आणि हो, रकाना नुसता लपवून एक्सेल फाईलच पुढे पाठवू नका. लपवलेला रकाना कुणीही पुन्हा उघडू शकतो.

२. मूळ फाईल नसेल तर मजकूर कायमचा काढायचं साधन वापरा. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या २०१९ मधल्या ६.३ आवृत्तीपासून "टूल्स" या मेनूमध्ये "रिडॅक्ट" नावाची सोय आहे. त्यात पट्टे ओढून झाल्यावर काळी किंवा पांढरी प्रत बाहेर काढता येते. ती प्रत चित्राच्या रूपात तयार होते, त्यामुळे पट्ट्याखाली अक्षर उरतच नाही. अडोबीच्या विकतच्या ॲक्रोबॅट प्रोमध्येही असं साधन आहे. पण तिथे एक लक्षात ठेवा: मजकुरावर खूण करणं ही पहिली पायरी, आणि "अप्लाय" करणं ही दुसरी. दुसरी पायरी विसरलात तर मजकूर तसाच राहतो.

३. दोन्ही जमत नसेल तर चित्र करा. पानावर पूर्ण काळे, अपारदर्शक चौकोन टाका, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि फक्त तो फोटो पाठवा. फोटोत फक्त रंगाचे ठिपके असतात, खाली अक्षरं नसतात. पण यातही फसगत आहे. मोबाईलमधलं हायलायटरसारखं पेन थोडं पारदर्शक असतं. चार वेळा गिरवलं तरी फोटोचा उजेड वाढवला की खालचं दिसू शकतं. आणि आकड्यांवर धूसर करायचं साधन वापरून समाधान मानू नका. धूसर केलेल्या आकड्यांचा अंदाज बांधता येतो.

४. कागदावर झाकायचं असेल तर प्रिंट काढा, नको त्या जागी कागदाची पट्टी चिकटवा आणि मग झेरॉक्स किंवा स्कॅन करा. नुसत्या मार्करने गिरवलेलं कागद उजेडात धरला की वाचता येतं.

स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल एक वेगळी गोष्ट. काही स्कॅनिंग ॲप पानाचा फोटो काढतात आणि त्यातली अक्षरं ओळखून फोटोमागे न दिसणारा मजकूरही ठेवतात, म्हणजे शोधता यावं म्हणून. अशा फाईलमध्ये फोटोवर पट्टा मारला तरी मागचा मजकूर राहतो. दिसायला फोटो, पण आत अक्षरं!

काय करून उपयोग नाही?

पांढरा चौकोन टाकणं: काळ्यासारखंच, फक्त लक्षात येत नाही. अक्षरांचा रंग पांढरा करणं: निवडलं की दिसतात. पान कातरणं म्हणजे "क्रॉप" करणं: कडेचा भाग लपतो, जात नाही. पट्टा मारलेली फाईल पुन्हा "प्रिंट टू पीडीएफ" करणं: अनेकदा अक्षरं नव्या फाईलमध्येही तशीच उतरतात. पासवर्ड घालणं: पासवर्ड ज्याला दिला त्याला सगळंच दिसतं.

शिवाय पीडीएफला आणखी एक खोड आहे. बदल करून नुसतं "सेव्ह" केलं की काही सॉफ्टवेअर जुना भाग तसाच ठेवून बदल फाईलच्या शेवटी जोडतात. पानावर नवं दिसतं, पण जुनं आत राहू शकतं. म्हणून मुळातून नवी फाईल करणं केव्हाही बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "पीडीएफ मोफत एडिट करा" असं सांगणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर मुलांची यादी चढवू नका. एक आकडा लपवण्यासाठी आपण सगळी यादी अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवून येतो. स्वतःची रेसिपी असेल तर ठीक, मुलांचे आधार क्रमांक नकोत.

पाठवण्याआधीची तपासणी

आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर चारच ओळी आहेत.

फाईल उघडून सगळं निवडा, कॉपी करा, कोऱ्या पानावर पेस्ट करा. नको ते येतंय का बघा.
शोधायच्या जागी झाकलेला एखादा शब्द किंवा आकडा घालून शोधा. सापडला तर काम झालेलं नाही.
फाईलचं नाव आणि प्रॉपर्टीज बघा. तिथेही नको ती माहिती असू शकते.
ग्रुपवर टाकण्याआधी दुसऱ्या शिक्षकाच्या मोबाईलवर उघडून बघा.

पहिली तपासणी करायला अर्धा मिनिट लागतो. त्या रात्री मी तो अर्धा मिनिट दिला नव्हता.

पालकांसाठी एक सूचना. आधारची प्रत कुणाला द्यायची वेळ आली आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर स्वतः पट्टा मारत बसू नका. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून "मास्क्ड आधार" डाउनलोड करता येतं. त्यात बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. तसंच, आपल्या मुलाची माहिती असलेली यादी एखाद्या ग्रुपवर दिसली तर गप्प बसू नका, शिक्षकांना लगेच सांगा. २०२३ मध्ये आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरलेला आहे आणि मुलांच्या माहितीबद्दल पालकांच्या संमतीला महत्त्व दिलेलं आहे. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

काय बदलायचंच नाही?

या प्रकारानंतर शाळेत माझं नाव "पीडीएफवाल्या बाई" पडलं. मग एक पालक आले. शाळा सोडल्याच्या दाखल्याची पीडीएफ घेऊन. म्हणाले, "बाई, जन्मतारखेतला फक्त एक आकडा बदलून द्या. तुम्हाला येतं म्हणे."

मी हात जोडले. आपल्या जनरल रजिस्टरची शिस्त आठवा. तिथे खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलं तर लाल शाईने एक रेघ, वर बरोबर नोंद, बाजूला मुख्याध्यापकांची सही. जन्मतारखेसारखी नोंद असेल तर पुरावे आणि वरिष्ठ कार्यालयाची मान्यता. जुनी नोंद रेघेखाली वाचता आलीच पाहिजे, कारण बदल कुणी, कधी केला हे कळायला हवं. दाखला, गुणपत्रक, आदेश यांत परस्पर बदल करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते बनावट कागदपत्र. शिवाय ज्या पीडीएफवर डिजिटल सही असते, तिच्यात नंतर काही बदललं तर सही तपासताना ते उघड होतं.

तेव्हा मला गंमत वाटली. रजिस्टरमध्ये जुनं दिसत राहिलं पाहिजे, आणि यादीत नको ते अजिबात उरता कामा नये. कागद एकच वाटतो, पण कुठे खुणेसकट ठेवायचं आणि कुठे मुळासकट काढायचं, हे आपल्याला ठरवावं लागतं. ते कुठलंही ॲप ठरवून देत नाही.

त्या मुलीचं काय झालं?

ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच शेतातून आली होती. मी आल्याचं बघून मुलगी आतल्या खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही.

मी आईला सगळं सांगितलं. पट्टा, बोट, कॉपी. म्हटलं, "चूक माझी आहे. भाऊसाहेबांची नाही, त्या पोराची नाही. मी माफी मागायला आलेय."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीनं बापाचं नाव राखलं होतं, बाई. मला ठावं होतं ती शाळेत काय सांगते ते. मी बी कधी बोलले नाही."

मी मान खाली घालून बसले. चहा झाला. निघताना तिने दारात विचारलं, "बाई, एक विचारू का? ते लिवायला लागतंच का, त्या पैशांसाठी? मला नवऱ्यानं ठेवलं का टाकलं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी त्या शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा वाचला. असा कुठलाही रकाना त्यात नव्हता. उत्पन्नाचा दाखला हवा होता, खातं हवं होतं, पालकाची सही हवी होती. आईची सही चालणार होती. भाऊसाहेबांनी तो शेरा स्वतःच्या लक्षात राहावं म्हणून लिहिला होता, त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण त्या सगळ्या प्रकाराची सुरुवात माझ्या पट्ट्यापासून झालीच नव्हती. ती त्या शेऱ्यापासून झाली होती.

पीडीएफमधून मजकूर काढायचे सगळे उपाय मी वर लिहिले. पण त्या आईने जे विचारलं त्यात सगळ्यात चांगला उपाय आहे: ज्याची गरज नाही ते लिहूच नका. जे लिहिलंच नाही ते झाकावं लागत नाही, पुसावं लागत नाही. आता आमच्या याद्यांमध्ये शेऱ्याच्या रकान्यात फक्त कागदाचं नाव असतं, माणसाबद्दल काही नसतं. ग्रुपवर तर मुलांची यादी जातच नाही. ज्याचा कागद राहिलाय त्या पालकाला आम्ही फोन करतो. सतरा फोनला पाऊण तास लागतो. लागू दे.

मुलगी सोमवारी आली. शेवटच्या बाकावर बसली. काही दिवस एकटीच डबा खायची. मी वर्गात त्या विषयावर भाषण दिलं नाही, कारण त्याने सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडेच वळल्या असत्या. हळूहळू एक मैत्रीण तिच्या बाकावर जाऊन बसायला लागली. पप्पा वाशीला असतात असं ती नंतर कधी म्हणाली नाही. तिच्या मनातलं मला सांगता येणार नाही, आणि माझ्याकडून जे गेलं ते मी परत देऊ शकले नाही.

या वर्षी ती नववीत आहे. परवा एका स्पर्धेचा अर्ज भरायला माझ्याकडे आली होती. नाव, इयत्ता, शाळा भरून झालं. पुढे "वडिलांचा व्यवसाय" असा रकाना होता. पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, हे भरायलाच पाहिजे का?"

मी अर्जाच्या मागच्या बाजूच्या सूचना वाचल्या. कुठेही तो रकाना आवश्यक म्हटलेला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "कोरा ठेव."

शिक्षक मित्रांनो, उद्या शाळेत गेलात की तुमच्या मोबाईलमधली एखादी जुनी यादी उघडा आणि काळ्या पट्ट्यावर बोट दाबून बघा. काय बाहेर येतं ते बघून आपल्या स्टाफरूममध्ये नक्की बोला. आणि पालकांनो, हा लेख तुमच्या मुलांच्या वर्गशिक्षकांना जरूर वाचायला द्या.